उभे कोठे राहावे? साठीनंतरचा पिकलबॉल

पुण्या-मुंबईच्या गृहसंकुलांत अलीकडे सकाळच्या वेळी एक नवा आवाज ऐकू येतो. टेनिसच्या चेंडूचा दबका 'थप्प' नव्हे, बॅडमिंटनच्या फुलाची सळसळही नव्हे. पोकळ प्लास्टिकवर कडक फळी आपटावी तसा कोरडा 'टक' असा तो आवाज असतो. हा पिकलबॉल. निवृत्तीच्या वयातील स्त्री-पुरुष मोठ्या हौसेने या खेळाकडे वळत आहेत आणि त्यात नवल वाटण्यासारखे काही नाही. कोर्ट लहान, चेंडू हलका, सर्व्हिस कमरेखालून करायची आणि बहुधा चौघांनी मिळून खेळायचे. त्यामुळे पहिल्याच दिवशी रॅली रंगू लागते. मात्र ज्या सहजतेने हा खेळ येतो, त्याच सहजतेने तो पुढे शिकण्याचे राहून जाते. रोज यावे, चार डाव खेळावेत आणि चहा घेऊन घरी जावे, असा क्रम पडतो. दोन वर्षांपूर्वी खेळू लागलेला मनुष्य दोन वर्षांनंतरही तेथेच उभा असतो. 'तेथेच उभा' हे शब्द मी शब्दशः वापरतो आहे. उभे कोठे राहायचे हाच या खेळातील मुख्य प्रश्न आहे, आणि आमच्या वयात तो केवळ हार-जितीचा प्रश्न उरत नाही.

खेळाचा इतिहास थोडक्यात सांगतो. अमेरिकेतील सिअ‍ॅटल शहराजवळच्या बेनब्रिज बेटावर १९६५ च्या उन्हाळ्यात जोएल प्रिचर्ड आणि बिल बेल या दोन मित्रांनी सुट्टीत कंटाळलेल्या घरच्या मंडळींसाठी तो सुरू केला. प्रिचर्ड यांच्या आवारात बॅडमिंटनचे जुने कोर्ट होते, पण साहित्य पुरे सापडेना. म्हणून टेबल टेनिसच्या फळ्या आणि भोकांचा प्लास्टिक चेंडू घेऊन त्यांनी वेळ भागवली. पुढे बार्नी मॅककॅलम हे तिसरे मित्र त्यांना मिळाले आणि तिघांनी मिळून नियम बसवले. नावाचा लोणच्याशी काही संबंध नाही. नौकास्पर्धांत उरल्यासुरल्या वल्हेकऱ्यांना एकत्र करून जी नाव उतरवतात तिला तिकडे 'पिकल बोट' म्हणतात. निरनिराळ्या खेळांचे उरलेसुरले घेऊन हा खेळ तयार झाला म्हणून प्रिचर्ड यांच्या पत्नी जोन यांनी त्याला हे नाव दिले. भारतात तो आणण्याचे श्रेय मुंबईच्या सुनील वालावलकर यांना जाते. कॅनडात त्यांना या खेळाचा परिचय झाला आणि २००८ मध्ये त्यांच्या पुढाकाराने अखिल भारतीय संघटना उभी राहिली. पुणेकरांनी मात्र आणखी एक धागा ध्यानात ठेवण्यासारखा आहे. ज्या बॅडमिंटनच्या कोर्टावर पिकलबॉल जन्मला, ते बॅडमिंटन एकोणिसाव्या शतकात आपल्याच शहरातील लष्करी छावणीत इंग्रज अधिकारी खेळत असत आणि त्या खेळाला 'पूना' असेच म्हणत.

आम्ही आठ जण खेळतो. निवृत्त मुख्याध्यापक, ज्यांना आम्ही 'सर' म्हणतो, तरुणपणी टेनिस खेळलेले एक डॉक्टर, मार्केट यार्डात धान्याचा व्यापार असणारे शेठ आणि त्यांच्या पत्नी, म्हणजे आम्हा सर्वांच्या वहिनी, एक अभियंता, शेजारच्या इमारतीतील दोघी बहिणी, आणि मी. वसाहतीत बॅडमिंटनचे सिमेंटचे कोर्ट होतेच. दोन्ही खेळांच्या कोर्टांचे माप एकच, ४४ फूट लांब आणि २० फूट रुंद; म्हणजे टेनिसच्या दुहेरी कोर्टाच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. बॅडमिंटनचे जाळे पाच फुटांवर असते. ते खाली घेऊन दोन्ही कडांना ३६ इंच आणि मध्यभागी ३४ इंच केले. येथपर्यंत सारे सोपे होते. पण बॅडमिंटनची आखूड सर्व्हिसची रेषा जाळ्यापासून साडेसहा फुटांवर असते आणि पिकलबॉलची रेषा हवी सात फुटांवर. दोन्ही रेषांत अर्ध्या फुटाचाच फरक. आरंभी पांढऱ्या जुन्या रेषेवरच सारे भागवू लागले, तेव्हा अभियंता मित्रांनी हरकत घेतली आणि एका रविवारी फीत धरून सहा इंच मागे पिवळी रेषा मारून घेतली. जे लोक असेच जुने कोर्ट वापरत असतील त्यांनी हे अवश्य करावे. अर्धा फूट लहान वाटतो, पण साऱ्या खेळाचा हिशेब त्या रेषेवर चालतो.

जाळ्यालगतच्या या सात फुटांच्या पट्ट्याला 'किचन' म्हणतात. या पट्ट्यात अथवा त्याच्या रेषेवर पाय असताना चेंडू हवेतल्या हवेत मारता येत नाही. टप्पा पडलेला चेंडू मारण्यासाठी खुशाल आत जावे. हवेतला चेंडू रेषेबाहेरून मारला आणि त्या भरात तोल जाऊन पाय आत पडला, तरीही चूकच. वहिनींनी पहिल्याच दिवशी नियम ऐकून, "म्हणजे सोवळ्यातले स्वयंपाकघर की! आत यायला मनाई नाही, पण शिवायचे नाही," असे म्हटले आणि त्यानंतर कोणालाही तो पुन्हा समजावून सांगावा लागला नाही.

दुसरा नियम दोन टप्प्यांचा. सर्व्हिसचा चेंडू समोरच्याने एक टप्पा पडू देऊन परतवायचा. तो परत आलेला चेंडू सर्व्हिस करणाऱ्या बाजूनेही एक टप्पा पडू देऊनच मारायचा. त्यानंतर हवेतले फटके खुले. वरवर किरकोळ दिसणाऱ्या या नियमामुळे दोन्ही बाजूंची स्थिती असमान होते. परतवणारी जोडी चेंडू खोल मारून लगेच पुढे, किचनच्या रेषेपर्यंत येऊ शकते. सर्व्हिस करणारी जोडी मात्र टप्प्याची वाट पाहत मागच्या रेषेवर अडकून पडते. जो पुढे आहे तो चेंडू वरून खाली मारू शकतो. जो मागे आहे त्याला तो खालून वर द्यावा लागतो. गुण केवळ सर्व्हिस करणाऱ्या बाजूलाच मिळतो, आणि नेमकी तीच बाजू प्रत्येक रॅलीच्या आरंभी अडचणीत असते. डाव ११ गुणांचा, दोन गुणांच्या फरकाने जिंकायचा. सर्व्हिसपूर्वी तीन आकडे पुकारायचे: आपले गुण, समोरच्यांचे गुण, आणि आपल्या जोडीतील पहिला सर्व्हिस करतो आहे की दुसरा, त्याचा आकडा.

हे सारे नियम आम्हाला पाठ होते. तरीही आम्ही कित्येक महिने कोर्टाच्या मधोमध उभे राहत होतो. मागची रेषा आणि किचनची रेषा यांच्यामध्ये १५ फुटांचे अंतर असते. मनुष्यस्वभाव असा की, फार पुढे गेलो तर चेंडू डोक्यावरून जाईल आणि फार मागे राहिलो तर आखूड पडेल, म्हणून आपण मध्ये थांबतो. हा मध्यममार्ग येथे अगदी निरुपयोगी. तेथे उभ्या असलेल्याच्या नेमक्या पायांशी चेंडू येतो; तो ना धड टप्प्यावर घेता येतो ना हवेत. मग मनुष्य नकळत मागे सरकतो. पाठ कोर्टाकडे, डोळे चेंडूकडे आणि टाचा पुढे.

गेल्या हिवाळ्यात सर असेच पडले. मध्ये उभे होते, चेंडू उंच आला, तो डोक्यावरून जाणार असे वाटून त्याच्याकडे पाहत उलट्या पावलांनी मागे गेले. तिसऱ्या पावलाला टाच अडकली आणि हात मागे टेकला. मनगटाचे हाड मोडले. सहा आठवडे प्लास्टर. डॉक्टरांनी त्या दिवशी संध्याकाळी सर्वांना सरांच्याच घरी बसवून सांगितले, की मागे पडणारा मनुष्य आपोआप हात मागे टाकतो आणि सारा भार मनगटावर येतो. आज मनगटावर भागले, खुब्यावर अथवा डोक्यावर गेले असते तर आपण या घरात असे बोलत बसलो नसतो. दोन घरांतून "आता पुरे करा तो खेळ" असे निघाले. दोघी बहिणींपैकी थोरलीच्या मुलाने तर बंगळूरहून फोन करून पॅडल कोणाला तरी देऊन टाकायला सांगितले. आठांचे सहा होतील आणि मग चारही उरणार नाहीत, अशी ती वेळ होती.

खेळ टिकला तो सरावामुळे, असे माझे मत आहे. ठरले ते असे, की मंगळवारी आणि शुक्रवारी पहिली चाळीस मिनिटे डाव नाही, केवळ सराव. शेठना हे मुळीच पटले नाही. "आम्ही खेळायला आलो आहोत, शाळेत नाव घालायला नव्हे," असे ते म्हणाले. पण त्याच मंगळवारी सर गळ्यात हात अडकवून आले आणि बाकावर बसून मोजणी करू लागले. प्लास्टरमधील मुख्याध्यापकासमोर वर्ग बुडवणे शेठना जमले नाही.

आरंभ 'डिंक'पासून केला. दोघे समोरासमोर किचनच्या रेषेवर उभे राहून चेंडू हळूच जाळ्यावरून समोरच्या किचनमध्ये टाकतात. मनगट हलवायचे नाही. खांद्यातून हात पुढे न्यायचा, जणू चेंडू मारायचा नसून सरकवायचा आहे. मूठ सैल. हा सराव कंटाळवाणा आहे हे मान्य केले पाहिजे. दहा मिनिटांत डोळ्यांवर झापड येते. पण तो अनिवार्य आहे. जाळ्याच्या वर न उठणारा चेंडू समोरच्याला खालून वरच उचलावा लागतो, आणि जोवर तो उचलतो आहे तोवर आपल्याला धोका नाही. समोरासमोर जमल्यावर तिरपा डिंक घेतला. दोन्ही किचन मिळून जाळ्याच्या आरपार सरळ अंतर १४ फूट होते, पण कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत ते सुमारे २४ फूट भरते. शिवाय तिरपा चेंडू मध्यावरून जातो, जेथे जाळे दोन इंच खाली असते. म्हणजे चुकीला जागा अधिक आणि अडथळा कमी. बँकेत अशी ठेव-योजना कोणी आणली असती तर रांग लागली असती. या सरावात सर्वांत आधी तरबेज झाल्या त्या वहिनी. त्यांनी आयुष्यात कोणताही रॅकेटचा खेळ खेळला नव्हता, म्हणून विसरायचे असे काही नव्हते. डॉक्टरांचा हात मात्र टेनिसच्या सवयीने मागे खांद्यापर्यंत जाई आणि चेंडू मागच्या रेषेबाहेर.

खरा कसोटीचा फटका 'थर्ड शॉट ड्रॉप', म्हणजे रॅलीतील तिसरा चेंडू. सर्व्हिस पहिला, परतीचा दुसरा आणि मागे अडकलेल्या जोडीने मारायचा हा तिसरा. जोराने मारावा तर पुढे उभे असलेले दोघे तो तितक्याच जोराने पायांशी परत देतात. म्हणून तो मागच्या रेषेवरून अलगद, कमानीने असा टाकायचा की त्याची सर्वाधिक उंची आपल्याच बाजूला, जाळ्याच्या अलीकडे असावी आणि जाळे ओलांडताना तो उतरणीला लागलेला असावा. तो समोरच्या किचनमध्ये पडला की समोरचे हल्ला करू शकत नाहीत आणि तेवढ्या अवधीत आपण पुढे येतो. सांगायला दोन वाक्ये लागतात. हाताला महिने लागतात.

आम्ही एकदम मागच्या रेषेवरून आरंभ करून पाहिला आणि निम्मे चेंडू जाळ्यात गेले. मग क्रम उलटा केला. एक जण किचनच्या रेषेवरून चेंडू देतो. दुसरा प्रथम त्याच्यासमोर, आपल्या किचनच्या रेषेवर, तेथून दहा चेंडू नीट पडले की दोन पावले मागे, पुन्हा दहा, पुन्हा दोन पावले. चुकले की मागच्या टप्प्यावर परत. फटका तोच राहतो, केवळ अंतर वाढते. शेठना ही पद्धत मनापासून आवडली, कारण तिच्यात चढ-उतार होता आणि सर बाकावरून बढती जाहीर करीत. ज्या दिवशी शेठ प्रथम मागच्या रेषेपर्यंत पोहोचले त्या दिवशी त्यांनी सर्वांना पोहे दिले. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा मधल्या टप्प्यावर आले, ते वेगळे.

बाकावर बसलेल्या माणसाला जे दिसते ते खेळणाऱ्याला दिसत नाही. दुसऱ्या आठवड्यात सरांनी मोजणी सोडून पायांकडे पाहायला सुरुवात केली. त्यांचे पहिले निरीक्षण असे, की चांगला फटका मारल्यावर आपण सारे जागीच उभे राहून त्याचे कौतुक करतो. परतीचा चेंडू खोल पडला, की तो पाहण्यात दोन सेकंद जातात आणि त्याच दोन सेकंदांत पुढे यायचे असते. दुसरे निरीक्षण अधिक महत्त्वाचे निघाले. पुढे येणारा मनुष्य एकदा निघाला की थांबतच नाही. समोरचा चेंडू मारतो तेव्हा याचा एक पाय हवेत असतो. मग चेंडू डावीकडे आला तरी शरीर उजवीकडे चाललेले. यावर उपाय असा, की समोरच्याचे पॅडल चेंडूला लागण्याच्या क्षणी आपण जेथे असू तेथे दोन्ही पाय टेकून, गुडघे किंचित वाकवून थांबायचे. मधल्या १५ फुटांत थांबावे लागले तरी थांबायचे, आलेला चेंडू सैल मुठीने नुसता अडवून किचनमध्ये उतरवायचा आणि मग पुढचा टप्पा गाठायचा. मधली जागा मुक्कामाची नाही, पण तेथून धावत सुटायचेही नाही. त्या आठवडाभर बाकावरून "पाय!" अशी हाक येत असे. शाळेत ती हाक ऐकलेले दोन माजी विद्यार्थी आमच्याच वसाहतीत राहतात. त्यांनी सज्जातून हात जोडले.

जोडीदाराबरोबर सरकणे हा पुढचा धडा. रुंदी २० फूट, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला दहा. पण ही वाटणी जमिनीवर रेघ मारून करता येत नाही. चेंडू समोरच्या डाव्या कोपऱ्यात गेला तर आपण दोघांनीही त्या अंगाला सरकायचे असते. लांबचा कोपरा मोकळा राहतो, पण तेथे मारणे समोरच्याला सर्वांत अवघड असते. दोघांपैकी एकच सरकला तर मध्ये दरवाजा उघडतो. अभियंत्यांनी आठ फुटांची सुती दोरी आणली. दोघांनी तिची टोके रिकाम्या हातात धरायची, तिसऱ्याने समोरून चेंडू हातात घेऊन इकडून तिकडे चालायचे आणि दोघांनी दोरी ना सैल ना ताण अशी ठेवत त्याच्याबरोबर सरकायचे. खेळताना नव्हे, नुसते चालताना. खेळात दोरी पायात येईल. मध्यभागी आलेला चेंडू ज्याच्या फोरहँडला तो त्याचा, असा साधा नियम केला आणि प्रत्येक चेंडूला मोठ्याने "माझा" अथवा "तुमचा" म्हणायचे ठरवले. चाळीस वर्षांच्या संसारात इतके स्पष्ट बोलणे झाले नाही, अशी शेठ-वहिनींची थट्टा होते. पण शेजारी उभे राहून ते दोघे आता सहसा मध्ये गुण देत नाहीत.

आता डोक्यावरून जाणाऱ्या उंच चेंडूविषयी. पुढे उभे राहायला लोक भितात ते याच्या धास्तीने. येथे आम्ही एकच नियम केला आणि तो कोणीही मोडला तर तो डाव तेथेच थांबतो: उलट्या पावलांनी मागे जायचे नाही. चेंडू उंच गेला की प्रथम एक पाय मागे घेऊन शरीर आडवे करायचे, जिकडे जायचे तिकडे छाती करायची आणि मग पावले टाकायची, खांद्यावरून चेंडू पाहत. बहुतेक वेळा तो चेंडू ज्याच्या डोक्यावरून गेला त्याने घ्यायचाच नसतो. जोडीदाराला तिरपे धावून तो अधिक सोपा पडतो आणि पहिल्याने त्याच्या रिकाम्या जागी जायचे असते. दोघांनाही पोहोचणे शक्य नसेल तर "सोडा" असे ओरडायचे. हा सराव आम्ही आरंभी चेंडूशिवाय केला, नुसते वळणे आणि तीन पावले, प्रत्येक बाजूला दहा वेळा. पाहणाऱ्यांना कवायत वाटली असेल. पण वळण्याची सवय चेंडू येण्याआधी पायांत असावी लागते, चेंडू वर गेल्यावर विचार करायला वेळ नसतो.

पादत्राणांचा उल्लेख येथेच करतो. चालण्या-पळण्याचे बूट सरळ पुढे जाण्यासाठी केलेले असतात; त्यांचा तळ उंच आणि मऊ असतो, आडवे सरकताना घोटा मुरगळतो. टेनिस-बॅडमिंटनचे सपाट तळाचे बूट घ्यावेत. कोर्ट ओले असेल तर खेळू नये. पुण्याच्या पावसाळ्यात हे पथ्य फार जड जाते. आणि सकाळी सातच्या आधी तो 'टक' आवाज काढू नये, हेही शेजाऱ्यांशी संबंध टिकवायचे असतील तर आवश्यक.

सर दहाव्या आठवड्यात पुन्हा कोर्टावर आले. हाताला अजून पट्टा होता, पण डॉक्टरांनी परवानगी दिली होती. चौथ्या डावात ते वहिनींबरोबर किचनच्या रेषेवर उभे होते, अगदी पिवळ्या रेषेला पाऊल लावून, आणि सर्व्हिस समोरून डॉक्टरांची होती. पाच-सहा तिरपे डिंक झाले. मग डॉक्टरांनी पॅडल किंचित उघडून चेंडू सरांच्या डोक्यावरून उंच टाकला. बाकावरचे आम्ही सारे उठून उभे राहिलो. सरांनी पाय मागे घेतला, वळले, दोन पावले गेले, वर पाहिले आणि "सोडा" म्हणाले. चेंडू मागच्या रेषेच्या आत वीतभर अंतरावर पडला. डॉक्टरांनी तो सरांच्या पायांकडे पाहत उचलून आणला, "आठ, नऊ, दोन" असा पुकारा केला आणि पुढची सर्व्हिस टाकली.